भावाची गोळी, वडिलांचा लकवा आणि पत्रात नसलेला एक आकडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत) :

एक्केचाळीस वर्षांच्या एक वाचक भगिनी लिहितात, चार महिन्यांपूर्वी त्यांच्या वडिलांना लकव्याचा झटका आला. वय बासष्ट. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. बीपी आहे हे सहा वर्षांपासून माहीत होतं, पण गोळी कधी चालू, कधी बंद. झटक्याच्या दिवशी पहाटे ते उठले तेच तोंड वाकडं आणि हात लुळा. आधी जवळचा दवाखाना, तिथून दुसरीकडे, असं करत मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुपार झाली. त्याच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या हातातून पेला निसटला होता, काही मिनिटं शब्द फुटत नव्हता. मग सगळं पूर्ववत झालं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ते आता रोज आठवतं.

भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा. एका तपासणी शिबिरात त्याचं बीपी १६८/१०४ निघालं. तो गोळी घ्यायला तयार नाही. म्हणतो, मला काही होत नाही. गोळी एकदा लागली की सुटत नाही, किडनी जाते. आणि हे बसून खाणाऱ्यांचं दुखणं आहे, आपण राबणारी माणसं. समजावून झालं, रडून झालं, वडिलांकडे बोट दाखवून झालं. आता त्याच्या नकळत खाण्यात गोळी मिसळून द्यावी का, असं बाईंच्या मनात येतं. वडिलांकडे पूर्ण वेळ लक्ष द्यायला नोकरी सोडावी असंही वाटतं. शेवटी त्या विचारतात, ‘आपल्यासारख्या गरीब देशांत हे असंच चालायचं का?’

ताई,

तुम्ही प्रश्न भावाचा विचारला आहे, पण पत्रातली सर्वांत लांब वाक्यं त्या सकाळबद्दल आहेत. म्हणून आधी तिथेच थांबू या.

लकवा मुख्यतः दोन प्रकारे येतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, सीटी स्कॅन केल्याशिवाय फरक कळत नाही. गुठळी विरघळवणारं जे इंजेक्शन असतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही फक्त गुठळी असेल तर. रक्तस्राव असताना ते दिलं तर जीवावर बेतू शकतं. वडील पहाटे उठले तेव्हा झटका आलेलाच होता, म्हणजे तो रात्री कधी सुरू झाला हे कुणालाच माहीत नाही. डॉक्टर वेळ मोजतात ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती वेळ कदाचित आदल्या रात्री झोपतानाची होती. झोपेतून उठताना दिसलेल्या झटक्यात कधीकधी खास स्कॅन करून उपचार करता येतात, पण ती सोय फार थोड्या ठिकाणी असते. गुठळी होती की रक्तस्राव, हे तुमच्या पत्रात नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रक्तस्रावाचं प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा जास्त आढळतं, आणि वर्षानुवर्षं न आवरलेला रक्तदाब हे त्याचं मोठं कारण आहे.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की ‘आम्ही लवकर पोहोचलो असतो तर बाबा चालते झाले असते’ हे वाक्य तुम्ही सिद्ध झाल्यासारखं मनात धरून बसला आहात. ते सिद्ध झालेलं नाही. सीटी स्कॅनचा अहवाल घरात असेल, तो घेऊन डॉक्टरांना एकदा सरळ विचारा की कोणता प्रकार होता. हे तुमच्या मनासाठी तर हवंच, पण वडिलांच्या पुढच्या औषधांसाठी त्याहून जास्त हवं. रक्त पातळ ठेवणारी गोळी गुठळीच्या लकव्यानंतर सहसा द्यावी लागते. रक्तस्रावानंतर तीच द्यायची की नाही, हा वेगळा आणि नाजूक निर्णय असतो.

पेला निसटल्याची गोष्ट मात्र मी हलकी करून सांगणार नाही, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात ती उद्या घडू शकते. चेहरा एका बाजूला ओढला जाणं, हातातली शक्ती जाणं, बोलणं बोबडं होणं किंवा शब्दच न फुटणं, हे अचानक झालं आणि दहा मिनिटांत पूर्ण बरं झालं, तरी तो इशारा असतो. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, ‘आता बरं आहे’ म्हणून घरी थांबायचं नाही. आणि लक्षणं चालू असतील तर जवळच्या नव्हे, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात जायचं. शेवटचं ठीक केव्हा पाहिलं ती वेळ कागदावर लिहून घ्यायची. तोंडात पाणी, औषध, काहीही घालायचं नाही, कारण गिळण्याचे स्नायूही गेलेले असू शकतात. बीपी झटकन उतरवायला जिभेखाली गोळी फोडून देण्याची पद्धत अजून कानावर येते. ती धोक्याची आहे. लकव्याच्या वेळी दाब एकदम खाली आला तर मेंदूचा जो भाग वाचण्याच्या बेतात असतो, त्याचाही रक्तपुरवठा तुटतो.

हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या घरात ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बीपी असलेल्या माणसाला सहा वर्षांत एकाही तपासणीच्या वेळी ‘असं झालं तर असं करा’ हे कुणी बसून सांगितलं नसेल, तर त्याचा दोष मुलीकडे येत नाही.

आता नोकरी. तुमचा हा प्रश्न मला भावाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तुम्ही तो दीड ओळीत उरकला आहे. तुम्ही असं धरून चालला आहात की तुम्ही चोवीस तास जवळ असाल तर वडील जास्त सुधारतील. हे तपासून पाहिलं गेलं आहे. भारतातल्या चौदा रुग्णालयांत साडेबाराशे रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात एका गटातल्या घरच्या माणसांना व्यायाम आणि हालचाली शिकवून घरीच पुनर्वसन करायला तयार केलं होतं, दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा. सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, सुमारे ४७ टक्के.

हे वाचून खचून जाऊ नका, आणि व्यायाम निरुपयोगी आहेत असा अर्थही काढू नका. सांधे आखडू नयेत, पाठीला जखमा होऊ नयेत, अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, यासाठी घरच्यांची सेवा लागतेच. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम रोज करायलाच हवेत. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो हे खरं, पण त्यानंतरही ती थांबत नाही, सावकाश होत राहते. या अभ्यासातून मी एवढंच घेते की घरच्या एका माणसाने स्वतःला पूर्ण झोकून दिलं म्हणून तज्ज्ञांच्या हातांची जागा भरून निघत नाही. तुमचा पगार फिजिओथेरपिस्टचे पैसे देतो, औषधं आणतो. तो बंद झाला तर वडिलांना मुलगी जास्त वेळ मिळेल, बाकी सगळं कमी मिळेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आत्ता राजीनामा देऊ नका. आधी रजा, अर्धवेळ काम, वेळ बदलून मिळते का, हे विचारा. सेवेची कामं एका कागदावर लिहून काढा. आंघोळ, कूस बदलणं, व्यायाम, औषधं आणणं, रात्रीची जाग. मग प्रत्येक कामापुढे नाव लिहा. तुमच्या पत्रात भाऊ फक्त ‘गोळी न घेणारा’ म्हणून येतो. वडिलांच्या सेवेत तो काय करतो, याचा एकही शब्द नाही. तो करत असेल आणि तुम्ही लिहायचं राहिलं असेल, तर चांगलंच. नसेल, तर त्याच्याशी बोलण्याचा पहिला विषय गोळी नाही, हा आहे. आणि एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहून जाते : लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. वडील व्यायामाला नाही म्हणतात, भिंतीकडे तोंड करून पडतात, तेव्हा ते हट्टीच असतील असं नाही. त्यावर उपचार आहेत.

आता भाऊ.

नकळत गोळी देऊ नका. मनात का आलं ते समजतं, तरी नाही. कोणती गोळी, किती, त्याच्या किडनीची तपासणी कशी आहे, आणखी काही औषध तो घेतो का, हे न कळता दिलेल्या औषधाने चक्कर येऊन तो कामावर पडू शकतो. आणि ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं काहीच घेणार नाही. ही गोळी पुढची कित्येक वर्षं घ्यायची आहे. ती चोरून देऊन निभणार नाही.

त्याची एकेक गोष्ट घेऊ. त्याला हरवायला नाही, त्यात तथ्य किती ते बघायला.

‘मला काही होत नाही.’ खरं आहे. रक्तदाबाचं दुखत नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं आणि नाही दुखलं म्हणजे ठीक, हा समज चुकीचा आहे. १६८ असतानाही माणसाला उत्तम वाटू शकतं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. जगातले उत्तमातले उत्तम डॉक्टर त्यांच्या दाराशी होते. पण त्या काळी दाब सुरक्षितपणे खाली ठेवणारी गोळीच नव्हती. विश्रांती, मीठ कमी, एवढंच हातात होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी, सोपी आणि परिणामकारक गोळी १९५८ मध्ये बाजारात आली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या एका अभ्यासाने ठामपणे दाखवलं की फार वाढलेला दाब औषधाने खाली आणला तर लकवे टळतात. महासत्तेच्या प्रमुखाला जे मिळालं नाही, ते आज अनेक देशांतल्या साध्या आरोग्य केंद्रात जुनं, स्वस्त औषध म्हणून पडून असतं. मला हे विलक्षण वाटतं, आणि ते घेतलं जात नाही याचं तितकंच वाईटही वाटतं.

‘एकदा लागली की सुटत नाही.’ यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करून बोला. बहुतेकांना गोळी कायम लागते. पण ते व्यसन नाही. चष्मा काढला की अक्षरं पुन्हा अंधूक दिसतात, तेव्हा चष्म्याने डोळे बिघडवले असं आपण म्हणत नाही. गोळी चालू असताना आकडा १२८ आला, तर तो गोळीचा आकडा आहे. ‘नॉर्मल आलं’ म्हणून बंद केली की दाब बहुधा पुन्हा जुन्या जागी जातो, आणि काही औषधं एकाएकी थांबवली तर उसळून वर येतो. तुमच्या वडिलांचं सहा वर्षं हेच होत होतं. वजन उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली, चालणं वाढलं तर काही जणांची मात्रा कमी होते, थोड्यांची गोळी सुटतेही. पण ते मोजून, डॉक्टरांशी बोलून. आपल्या मनाने नाही.

‘किडनी जाते.’ किडनी खराब करण्यात न आवरलेला दाब स्वतःच आघाडीवर आहे. बीपीच्या काही गोळ्या सुरू करताना रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासावं लागतं, ती तपासणी भावाने हक्काने मागावी. किडनीची काळजी त्याला खरोखर असेल तर त्याला आणखी एक विचारा, अंगदुखीसाठी तो काय घेतो? राबणारी माणसं पाठ, गुडघे धरले की दुकानातून वेदनाशामक गोळी घेतात, कधीकधी रोज. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या या गोळ्या दाब वाढवतात आणि किडनीलाही त्रास देतात. बीपीच्या गोळीला घाबरून आणि दुखण्याची गोळी बिनधास्त घेऊन तो नेमका उलट्या बाजूला उभा असेल. दुष्परिणाम बीपीच्या गोळ्यांचेही असतात. एकीने पायांना सूज येते, दुसरीने कोरडा खोकला, तिसरीने लघवी वारंवार. तसं झालं तर गोळी बदलून मिळते. पर्याय बरेच आहेत.

‘हे बसून खाणाऱ्यांचं दुखणं.’ एके काळी तसं दिसत असेल. आता नाही. ३० ते ७९ वयाच्या, उच्च रक्तदाब असलेल्या माणसांची संख्या १९९० मध्ये जगात सुमारे ६५ कोटी होती, २०१९ मध्ये १२८ कोटींच्या घरात गेली. त्यातली १०० कोटींहून जास्त माणसं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली आहेत. श्रीमंत देशांत प्रमाण उतरत गेलं, दुखणं इकडे सरकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जवळपास निम्म्या लोकांना आपल्याला बीपी आहे हेच ठाऊक नाही, आणि दाब आटोक्यात आहे तो पाचांपैकी फक्त एकाचा. बत्तीस देशांत लकव्याच्या कारणांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात दहांपैकी नऊ लकव्यांचं मूळ टाळता येण्याजोग्या मोजक्या कारणांत सापडलं. त्यात पहिलं कारण रक्तदाब, सुमारे निम्मा भार एकट्याचा. अंगमेहनत चांगली आहे, ती धोका कमी करते. पण वय, मीठ, तंबाखू, दारू, घराण्यातला कल हे ती पुसून टाकत नाही. आणि राबणाऱ्या माणसाला जेव्हा लकवा येतो तेव्हा त्याचं शरीर हेच त्याचं भांडवल असतं. गरीब देशांत तो तुलनेने लहान वयात येतो, घर चालवणारा माणूसच अंथरुणाला खिळतो. भावाला हे ओरडून सांगू नका. त्याला ते माहीत आहे. मला तर वाटतं, म्हणूनच तो बघायला तयार नाही.

आता तुमच्या एका गृहीतकाबद्दल. तुम्ही ठरवून टाकलं आहे की तो हट्टी आहे. असेलही. पण गोळी घेणं त्याला काय किमतीला पडतं, हे कधी विचारलंय का? तपासणीला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते का? रांग किती वेळ असते? गोळ्या दहा दिवसांच्याच मिळतात का, आणि दहा दिवसांनी पुन्हा तीच रांग? मागच्या वेळी साठा संपलेला होता का? शिबिरात आकडा सांगून पुढे कुठे जायचं हे कुणी सांगितलं का? माणसं पुष्कळदा ‘परवडत नाही’ म्हणायला संकोचतात आणि ‘मला गरज नाही’ म्हणतात. त्या नकाराच्या पोटात काय आहे हे समजलं नाही तर तुमचा प्रत्येक युक्तिवाद भलत्याच दारावर थाप मारत राहील.

‘गरीब देशांत असंच चालायचं का’ याचं उत्तरही इथेच आहे. नाही. जिथे गोळी माणसापर्यंत गेली तिथे आकडे हलले आहेत. चीनच्या ग्रामीण भागात गावातल्या प्राथमिक डॉक्टरांनाच औषध देण्याचं, मात्रा वाढवण्याचं काम दिलं. दीड वर्षात तिथे ५७ टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात आला. ज्या गावांत असं केलं नाही तिथे २० टक्क्यांचा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरी जाऊन दाब मोजला, समजावलं, गरज पडली तर दवाखान्यात पाठवलं. तिथेही वरचा आकडा इतरांपेक्षा सुमारे पाचाने जास्त उतरला. पाच म्हणजे फार नाही असं वाटेल. पण दहाने उतरला तर लकव्याचा धोका सुमारे चतुर्थांश कमी होतो, हे असंख्य अभ्यासांतून पक्कं झालं आहे. भारतातही २०१७ च्या अखेरीस काही जिल्ह्यांत सरकारी उपक्रम सुरू झाला. सगळ्यांसाठी एकच सोपी औषधपद्धती, महिनाभराच्या गोळ्या एकदम, त्याही घराजवळच्या केंद्रात, आणि जो आला नाही त्याला शोधून बोलावणं. मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका तेव्हा काही श्रीमंत देश नव्हता, पण वस्तीवस्तीत आरोग्य पथकं नेमून रक्तदाबाच्या उपचारात तो श्रीमंत देशांच्या रांगेत जाऊन बसला. या सगळ्यात माणसांचं मन वळवण्यापेक्षा माणसांच्या वाटेतले दगड काढणं जास्त आहे. तुम्हीही भावासाठी तेच करा.

म्हणजे काय? केंद्रात जाऊन विचारा : तीस दिवसांच्या गोळ्या एकदम मिळतील का, त्याच्या वतीने पुढच्या वेळी तुम्ही नेल्या तर चालेल का, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी तपासणी असते का. दोन औषधं लागली तर ती एकाच गोळीत मिळतात का, तेही विचारा. रोज दोनऐवजी एक गोळी घ्यायची असेल तर ती चुकण्याची शक्यता कमी होते.

आणि बोलताना वडिलांकडे बोट दाखवणं थांबवा. भीतीने माणूस दोन दिवस गोळी घेतो, मग भीतीचाच कंटाळा येतो. त्यापेक्षा असं म्हणून बघा, ‘दादा, शिबिरातला आकडा चुकीचा असू शकतो, तू म्हणतोस ते खरंही असेल. आठवडाभर घरी मोजू. जास्त आला तर डॉक्टरांना दाखवू, नाही आला तर मी पुन्हा विषय काढणार नाही.’ हे नुसतं गोड बोलणं नाही. गर्दीत, धावपळीत, एकदाच मोजलेल्या आकड्यावर सहसा निदान करत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. १६८ खोटा निघण्याची शक्यता मला कमी वाटते, पण स्वतःच्या डोळ्यांनी सात दिवस पाहिलेला आकडा त्याला माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त पटेल.

मशीन आणाल तेव्हा मनगटाचं नको, दंडावर पट्टा बांधायचं घ्या, आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे हे बघून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मेहनतीचं काम नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला सरळ टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. पायावर पाय टाकला, हात लोंबकळत ठेवला, गप्पा चालू ठेवल्या, तर आकडा उगाचच वर जातो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, आणि सगळे आकडे लिहा. नको तो दिसला म्हणून खोडायचा नाही. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर दाब वाढलेला आहे (दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरतात). १८०/१२० च्या वर आला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखणं, दम, दिसण्यात फरक, हातपाय जड होणं यांपैकी काही सोबत असेल तर तडक रुग्णालय.

त्या वहीत एक पान तुमचंही असू द्या. तुमच्या पत्रात वडिलांचा आजार आहे, भावाचा १६८/१०४ आहे. तुमचा आकडा कुठेच नाही. एक्केचाळीस वर्षं वय, वडिलांना बीपी, भावाला बहुधा बीपी, चार महिन्यांची अपुरी झोप. तुम्ही शेवटचं केव्हा मोजलंत? घरातली काळजी घेणारी बाई सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ ठेवते आणि स्वतः तपासणीच्या खुर्चीत बसत नाही, हे मी या सदराच्या पत्रांत वारंवार वाचते. उद्या भावासमोर मशीन ठेवाल तेव्हा पहिला पट्टा तुमच्या दंडाला बांधा. त्याने तो बांधावा, आकडा त्याने वाचावा. गरोदरपणात तुमचं बीपी वाढलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, अशा बायकांना पुढे उच्च रक्तदाबाचा धोका जास्त असतो.

मिठाबद्दल एकच सांगते, कारण बाकी तुम्ही जाणता. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक छोटा चमचाही पूर्ण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगाची सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. विकसनशील देशांत यातलं बरंच मीठ अजून घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जातं, म्हणजे ते घरातच कमी करता येतं. चीनमधल्या सहाशे खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पंचवीस टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत लकव्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर असं मीठ धोक्याचं ठरू शकतं. वडिलांच्या घरात ते आणण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

आणि भावाने गोळी सुरू केली तर पुढचा महिना महत्त्वाचा. पहिल्याच गोळीने, पहिल्याच मात्रेत दाब आटोक्यात येईल असं नाही. अनेकांना दोन औषधं लागतात. तेव्हा ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून तो सोडायला निघेल. त्याला आधीच सांगून ठेवा की असं होऊ शकतं, आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा दाखवायची तारीख पहिल्याच भेटीत लिहून घ्या. त्या दिवशी आठवड्याचे आकडे, तो घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, दुखण्याच्या सुद्धा, आणि वडिलांच्या आजाराची माहिती बरोबर न्या. त्याच फेरीत वडिलांचा सीटी अहवालही घ्या, म्हणजे दोघांची मजुरी एकदाच बुडेल.